पोचवणी

१

घोडेगावातून पहाटे निघालेली ट्रॅक्स माळशेज उतरून, कल्याणात तासभर रखडून, अकराच्या सुमाराला मुंबईतल्या त्या कलासंकुलाच्या दारात येऊन उभी राहिली. सयाजी खाली उतरला, पाय झटकले, संबळ खांद्याला अडकवला आणि पायऱ्यांकडे निघाला. तेवढ्यात रखवालदार आडवा आला. हे दार प्रेक्षकांचं आहे, कलाकारांनी मागून जायचं, असं त्यानं सांगितलं, आणि तेही सयाजीकडे न बघता, संबळाकडे बघून.

सयाजीचं डोकं तापायला एवढं पुष्कळ होतं. तसं ते तापायला फार काही लागत नसेच. आंबेगाव तालुक्यात गोंधळाला सयाजीसारखा गळा नाही असं लोक म्हणत, आणि त्याला बोलवायचं तर भाजीत मीठ बघून घाला असंही म्हणत. बावन्न वर्षांचा गडी, पण रागाच्या बाबतीत अजून विशीतच होता.

मागचं दार शोधताना ट्रॅक्सनं त्या संकुलाला पुरता वेढा घातला. तीन नाट्यगृहं, चित्रांचं दालन, काचेचं ग्रंथालय, मधोमध कारंजं. जुन्नरचा रविवारचा बाजार बैलांसकट आत मावला असता. मागच्या दारावर पुन्हा एक रखवालदार, पुन्हा वही, पुन्हा नाव काय, गाव काय, या ढोलक्यात काय आहे. "हवा हाय," सयाजी म्हणाला. रखवालदारानं ते वहीत लिहिलं नाही, पण गळ्यात अडकवायचे तीन पास दिले.

तीन माणसं म्हणजे सयाजी, तुणतुण्यावर साथ करणारा म्हातारा भिमाजी, आणि झांजेला अश्विनी. अश्विनी सयाजीची पुतणी, थोरल्या भावाची, सावळेरामची मुलगी. सयाजी आणि सावळेराम सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तरी पोरगी चुलत्याबरोबर आली होती, आणि का आली होती ते तिनं माळशेजच्या वळणावर सांगून टाकलं. वडलांनी, आबांनी, दम्यानं आता खाट धरली आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत, दोनचार दिवसांचे सोबती आहेत. परतताना नानांनी पाच मिनिटं घरी यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

सयाजी खिडकीबाहेर दरीकडे बघत राहिला. मनात म्हणाला, त्याला गरज असेल तर तो बोलवील.

२

नाट्यगृहात पाऊल टाकलं आणि दिवस संपला. बाहेर टळटळीत ऊन, आणि आत ना सकाळ, ना दुपार, ना संध्याकाळ. वरून कुठून तरी गार हवा येत होती आणि तिचा बारीक, न थांबणारा आवाज. बाराशे खुर्च्या, सगळ्या लाल मखमलीच्या, सगळ्यांच्या बैठका मिटून वर उभ्या.

भिमाजीनं एक खुर्ची हातानं खट् करून खाली दाबली, सोडली. ती खट् करून वर गेली. त्यानं पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. "बसलं की खाली, उठलं की वर," तो कौतुकानं म्हणाला. "आपल्याकडं मान्सं अशी पायजे व्हती राव."

कार्यक्रम बघणाऱ्या बाई आल्या. चांगल्या होत्या, हसतमुख होत्या, आणि म्हणूनच सयाजीला भांडायला धड जागा सापडेना. त्यांनी गोड आवाजात एकेक गोष्ट काढून घेतली. दिवटी पेटवायची नाही, आगीचा नियम आहे. त्याऐवजी नारिंगी कागद आणि आत बल्ब. चौक मांडायचा नाही, गव्हाच्या दाण्यांनी लाकडाच्या फरशीचं पॉलिश जातं. त्याऐवजी वरून उजेडाचा चौकोन पाडू. वेळ नऊ मिनिटं. त्यात नावांचा भाग हवाच, तो फार सुंदर आहे. शेवटचा तो निरोपाचा भाग मात्र गाळू, तो लांबतो.

"पोचवणी गाळायची?" सयाजीनं विचारलं.

"प्रेक्षकांना ते कळत नाही हो," बाई म्हणाल्या.

आता कळायचं काय त्यात? गोंधळात आधी देवांना बोलवायचं, मग घराण्यातल्या गेलेल्या माणसांना नावानं हाक मारायची, त्यांच्यापुढं गायचं, आणि शेवटी ज्याला ज्याला बोलवलं त्याला त्याला नाव घेऊन परत पोचवायचं. दारात आलेल्या पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायला जातो, तेवढं साधं. सयाजीनं हे सांगून पाहिलं. बाईंनी मान हलवली, किती सुंदर म्हणाल्या, आणि वहीत पोचवणीवर आडवी रेघ मारली.

तळपायाची आग मस्तकाला गेली, पण सयाजी संबळ उचलून स्टेजकडं वळला. सोबत पोरगी होती, आणि ट्रॅक्स कार्यक्रम उरकून संध्याकाळीच परत निघणार होती.

३

तालीम म्हटल्यावर भिमाजी अडला. त्याच्या सत्तर वर्षांत त्यानं गोंधळाची तालीम कधी ऐकली नव्हती. "बोलावणं ते बोलावणं. त्यात खरं आन् खोटं काय आसतं?" तो पुटपुटला. सयाजीनं त्याला उडवून लावलं. ना दिवटी, ना चौक, ना दाणा. बल्बाच्या उजेडाला कोण येतंय?

समोरचे दिवे विझले. स्टेजवर उजेडाचा चौकोन पडला आणि पुढचं सगळं काळंभोर झालं. सयाजीनं संबळावर काठी टाकली. राग चढला की त्याचा हात चांगला चालत असे, आणि आज तर तो फारच चांगला चालला होता. शिवनेरीची शिवाई झाली, लेण्याद्रीचा गणपती झाला, भीमाशंकर झाला. मग घराण्याची नावं आली. चार नावं, बापाकडून पाठ झालेली, पाचवं बापाचं आणि सहावं आईचं, त्यानं स्वतः जोडलेली.

"भागूजी गोंधळी, चौकाला या."

खट्.

समोर कोणी तरी येऊन बसलं असावं. बाईंचंच माणूस असेल.

"राघूजी भागूजी, चौकाला या."

खट्.

"अंबाबाई राघूजी, चौकाला ये."

खट्. आवाज एकाच बाजूनं येत होता, डावीकडून, चौथ्या पाचव्या रांगेतून. सयाजीला वाटलं, लोक तालीम बघायला येऊन बसताहेत, आणि बसतानाही नेमकं नाव पडलं की बसताहेत. शहरातल्या माणसांची थट्टा करायची तऱ्हा असेल ही. त्यानं काठी जोरात हाणली. ठकूबाई झाली, बाप कोंडाजी झाला. दोघांनाही खट्. मग आई. चिमाबाई कोंडाजी, चौकाला ये.

या वेळी थोडा वेळ गेला. मग खट् झालं, पण हलकं, म्हातारं माणूस हाताचा आधार घेऊन बसतं तसं.

सयाजी थांबला. वरच्या काचेच्या खोलीतून बाईंचा आवाज कर्ण्यात आला, छान चाललंय, का थांबलात? त्यानं सगळे दिवे लावायला सांगितले. दिवे लागले. नाट्यगृहात एकही माणूस नव्हतं. डावीकडे, चौथ्या रांगेत, शेजारी शेजारी सहा खुर्च्या खाली होत्या.

खुर्च्यांची देखभाल करणारा एक माणूस आला. स्प्रिंगा जुन्या झाल्यात, म्हणाला. पहिली खुर्ची त्यानं हातानं वर ढकलली. ती वर गेली, क्षणभर थांबली आणि सावकाश, अगदी सावकाश पुन्हा खाली आली. त्यानं पुन्हा ढकलली नाही. तेल घालावं लागेल, असं म्हणत तो गेला, आणि जाताना मागं बघून गेला.

४

उपाहारगृहात भिमाजीनं चहा पुढं सरकवला तो सयाजीनं परत सरकवला. संबळाचा खालचा सूर घुमतो, त्यानं स्प्रिंग हलते, एवढं साधं आहे, असं तो म्हणाला. पेट्रोल पंपाशेजारच्या घरात नाही का गाडी गेली की भांडी वाजतात? भिमाजी म्हणाला, "मंग सहाच का वाजल्या? बाराशे हायेत." सयाजी उठला, एकटाच आत गेला, अंधाऱ्या स्टेजवर उभं राहून नाव न घेता दहा मिनिटं संबळ बडवला. हात भरून आले. एकही खुर्ची हलली नाही. परत येऊन त्यानं मघाचा चहा ओढून घेतला, तेव्हा भिमाजीला कळायचं ते कळलं.

अश्विनी खुर्च्यांपाशी जाऊन आली होती. "नाना, तितं मशेरीचा वास येतोय," ती म्हणाली.

त्याची आई मशेरी लावत असे. तो वास नाकात नसतानाही सयाजीला आला, आणि त्याबरोबर सहा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आली. आईनं अंथरूण धरलेलं. सावळेराम ओतूरला गोंधळात. दिवस मावळताना निरोप्या मोटारसायकलवर त्याच्याकडे गेला, आई चालली, ये. आणि सावळेरामनं उलट निरोप धाडला, चौक मांडलाय, नावं घेऊन झालीत, पोचवणी झाल्याशिवाय उठता येत नाही. आई रात्रभर दाराकडं बघत होती. सावळा आला का, सावळा आला का. सयाजी उशाशी बसलेला, त्याचा हात तिच्या हातात, पण तिनं त्याला एकदाही विचारलं नाही की तू जेवलास का. उजाडताना ती गेली. सावळेराम नऊच्या एसटीनं उतरला. भर स्मशानात, सगळ्या गावासमोर सयाजीनं त्याला सांगितलं, आजपासून तू मला मेलास. आणि सहा वर्षं कोणी भावाची चौकशी केली की तो तेच सांगत आला, मेला म्हणून.

राग भावावर होता की आईवर, हे त्यानं कधी तपासलं नव्हतं. तपासायची त्याला भीती वाटायची.

"तुमी पोचवणी करा," भिमाजी म्हणाला. "बाईला कायबी वाटूदे. सा मान्सं हितं या गारठ्यात बसवून आपून गाडीत बसायचं व्हय?"

सयाजी करणारच होता. दुसऱ्या तालमीच्या शेवटी करायची, बाईंनी दिवे घालवले तरी करायची, असं त्यानं ठरवलं. तेवढ्यात बाईच आल्या. एक नाचाचा कार्यक्रम गळला होता, त्यामुळं दोन मिनिटं जास्त मिळत होती. आणि त्यांना एक कल्पना सुचली होती. नावं वाढवा, म्हणाल्या. नावांचा भाग ऐकताना अंगावर काटा येतो.

"नावं वाढवायला मान्सं मरावी लागत्यात बाई," सयाजी म्हणाला.

बाई मनापासून हसल्या.

५

पुन्हा अंधार झाला. पुन्हा चौकोन पडला. सयाजीच्या कानशिलात रक्त वाजत होतं. या बाईला नावं हवीत. दिवटी नको, दाणा नको, पोचवणी नको, नावं हवीत. आमच्या घरची माणसं म्हणजे हिच्या ताटातलं लोणचं.

त्यानं सहाही नावं घेतली. काहीच वाजलं नाही. वाजणार कसं, सगळे बसलेलेच होते. सहावं नाव संपलं, संबळ चालू राहिला, आणि वरून कर्ण्यात आवाज आला, अजून, अजून, छान. सयाजीनं पहिल्यापासून पुन्हा घेतली. अजून, कर्णा म्हणाला. दोन मिनिटं आहेत.

जिवंत माणसाचं नाव चौकात घ्यायचं नाही, हे गोंधळ्याच्या घरात पोराला बोलता यायच्या आधी कळतं. ते सांगावं लागत नाही. पण डोक्यात तिडीक गेलेली, हात सुटलेला, कर्ण्यातून मागणी चाललेली, आणि सहा वर्षं जिभेला एकच वळण पडलेलं, मेला, मेला. नाव तोंडातून बाहेर पडलं तेव्हा सयाजीला ते दुसऱ्या कोणी घेतल्यासारखं ऐकू आलं.

"सावळेराम कोंडाजी, चौकाला ये."

अश्विनीची झांज बंद पडली. भिमाजीची तार बंद पडली. सयाजीचा हात तेवढा आपला आपण दोनचार ठोके वाजवून थांबला.

काहीच झालं नाही. गार हवेचा बारीक आवाज येत होता, तेवढाच. सयाजीनं श्वास सोडला. पाच मोजले, दहा मोजले. स्प्रिंगाच असणार. नसत्या वेडात आपण दिवस घालवला, असं मनाशी म्हणून त्याला हसूही आलं.

मग अगदी मागं, जिथं प्रेक्षकांचं दार होतं तिथं, कोणी तरी खोकलं.

लांबून आलेल्या माणसाचा खोकला होता तो. त्यामागून श्वास आला, छातीत शिट्टी वाजावी तसा, आत ओढलेला, मध्येच अडकलेला, मग बाहेर सोडलेला. चार पावलं झाली. थांबणं झालं. पुन्हा शिट्टी. पुन्हा चार पावलं. गालिच्यावर पावलांचा आवाज होत नाही, पण पाय ओढल्याचा होतो. मधल्या वाटेनं तो खाली येत होता, एकेका रांगेला थांबत, खुर्चीच्या पाठीला धरत. बाकीचे आले होते ते हाक मारताच आले होते. याला वेळ लागत होता, कारण याला अजून श्वास घ्यावा लागत होता.

"आबा," अश्विनी अंधाराकडं बघत म्हणाली.

चौथ्या रांगेशी पावलं डावीकडं वळली.

खट्.

६

अश्विनी पळत गेली ती थेट गेटाबाहेरच्या एसटीडी बूथवर. घोडेगावात त्यांच्या घराशेजारी नेमीचंदशेठचं किराणा दुकान, फोन तिथं. नेमीचंदशेठ स्वतः उठून बघून आले आणि त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. सावळेराम खाटेवर आहेत. डोळे उघडे आहेत. छाती हलते आहे, पण हाक मारली तर नजर वळत नाही. घरात कोणी नसल्यासारखं वाटतं बघ पोरी, असं शेठ म्हणाले आणि मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन डॉक्टरांचं सांगायला लागले. डॉक्टरांना बोलावणं गेलं होतं. श्वास दर घडीला मंद होत होता.

हे सगळं तिनं परत येऊन एका दमात सांगितलं. तोवर बाईंनी दिवे लावले होते. दुसऱ्या चमूला दहा मिनिटांत तालमीला यायचं होतं, तेव्हा आवरा, असं सांगून त्या वर गेल्या होत्या. चौथ्या रांगेत आता सात खुर्च्या खाली होत्या. सातवी आईच्या शेजारची. त्या रांगेकडं तिघांपैकी कोणीच सरळ बघत नव्हतं. शिट्टी उजेडातही ऐकू येत होती.

"आबांना घरी धाडा नाना," अश्विनी म्हणाली. ती रडत नव्हती. तिचा आवाज सयाजीच्या आवाजासारखा झाला होता, रागाचा. "तुमी आनलंत. तुमीच धाडा."

पण पोचवणी एकाच ठिकाणी पोचवते. मेलेल्यांना मेलेल्यांत. जिवंत माणसाला घरी पोचवायचे शब्द गोंधळात नाहीत, कारण जिवंत माणसाला बोलवायचंच नाही. सयाजीनं भिमाजीकडं पाहिलं. म्हाताऱ्यानं सांगितलं ते एवढंच, की सहा जणांची नावं घेऊन त्यांना पोचवावं आणि सातव्याचं नाव घेऊच नये. मंडळी उठून गेली की तोही उठेल. एकटा कशाला बसेल?

त्यात काही खोट दिसेना. सयाजीनं दिवे घालवायला लावले नाहीत. बल्बाची दिवटी त्यानं बाजूला फेकली, कोटाच्या खिशातून दाण्याची पुरचुंडी काढली आणि त्या पॉलिशवर मूठभर गहू ओतला. भिमाजी तुणतुणं अश्विनीच्या हातात देऊन वर गेला आणि काचेच्या खोलीच्या दारात आडवा बसला, म्हणजे आतून कोणाला दिवे विझवायला किंवा खाली यायला वाट राहिली नाही.

७

भागूजीला पोचवलं. खट् करून पहिली खुर्ची वर गेली. राघूजी गेला. अंबाबाई गेली. ठकूबाई गेली. कोंडाजीचं नाव घेतलं तसा बापही काही न अडता उठला. प्रत्येक खुर्ची शहाण्यासारखी मिटत होती. वरून काचेवर बाईंच्या हाताची टकटक ऐकू येत होती.

दोन राहिल्या. आईची आणि तिच्या शेजारची.

इथं सयाजी थांबला. काठी खाली घेतली आणि पहिल्यांदाच त्यानं त्या खुर्च्यांकडं सरळ पाहिलं. आधी त्याला लाल मखमल दिसली, दाबली गेलेली. मग एक क्षणभर दिव्यानं डोळा मारला, आणि तेवढ्यात दिसलं ते असं. हिरव्या लुगड्याचा पदर एका खुर्चीच्या हातावरून पलीकडच्या खुर्चीत गेला होता. गारठ्यात पोराच्या अंगावर घालतात तसा. नीट खोचून घातलेला. दिवा स्थिर झाला तेव्हा मखमलच होती.

"दादा," सयाजी म्हणाला. सहा वर्षांत हा शब्द त्यानं उच्चारला नव्हता. "दादा, तू ऊठ. आईबरं जाऊ नगं. मी उद्या सकाळच्याला येतो, तुज्या खाटंपाशी बसतो. काय बोलायचं ते बोल मला. शिव्या दे. पर घरी जा."

शिट्टी आत ओढली गेली, अडकली, बाहेर आली. मखमल हलली नाही.

मग तो आईशी बोलला, आणि त्याचा आवाज चढला. ती रात्र त्याच्या छातीत सहा वर्षं तशीच जळत होती, ती बाहेर आली. "तुज्या उशाला मी व्हतो. पानी मी पाजलं. तू त्यालाच इचारत व्हतीस. आता त्याला सोड आई. त्याची पोरगी हितं हुबी हाय. मी तुज्याकडं कदी काय मागितलं न्हाई. येवढं मागतो. त्याला सोड."

शिट्टी आता फार लांबून येत होती. दोन श्वासांमध्ये इतका वेळ जात होता की अश्विनी प्रत्येक वेळी तोंडावर हात दाबून धरत होती. थांबून चालणार नव्हतं. आईला इथंच ठेवलं तर तो तिच्याजवळ बसून राहील आणि तिकडं खाटेवर छाती हलायची थांबेल. आईला पोचवलं तर तो मोकळा होईल. सयाजीनं हे मनाशी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते पहिल्याइतकं पक्कं वाटलं नाही, पण दुसरं काही हातात नव्हतं.

त्यानं काठी उचलली, संबळावर शेवटचा ठोका टाकला आणि प्रत्येक अक्षर वेगळं, स्वच्छ काढत म्हणाला, "चिमाबाई कोंडाजी, आलीस तशी जा. येकलीच जा."

दोन्ही खुर्च्या वर गेल्या. आवाज एकच झाला.

अश्विनी शिट्टीसाठी कान देऊन उभी राहिली. गार हवेचा आवाज येत होता, तेवढाच. मग ती वळली.

"नाना, आबांचं नाव घेतलं तुमी?"

"न्हाई," सयाजी म्हणाला. "मी फकस्त आईचं घेतलं."